इंचात किती घरं

कोलशेतच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास निघतो. एकच चित्र या फोनवर रेखीव दिसतं आणि त्या मोठ्या पडद्यावर फिसकटल्यासारखं का दिसतं? मुलं हुशार असतात, उत्तर त्यांना पाठ असतं, पण पाठ असणं आणि उमगणं यातला फरक चेहऱ्यावर लगेच दिसतो. मी त्यांना कागद-पेन घ्यायला लावते. पडद्यावर आडवे ठिपके किती, उभे किती, त्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. झाला कर्ण. आता त्याला पडद्याच्या तिरक्या मापाने भागा, इंचात. सध्याच्या बऱ्यापैकी फोनला उत्तर चारशेच्या आसपास येतं, म्हणजे एका इंचात चारशे ठिपके. "मॅम, हे तर नेटवर टाकलं की येतं ना," असं एखादा म्हणतोच. येतं बाबा. मी शिकले तेव्हा येत नव्हतं, आणि ते मी कशापायी शिकले हे चहाच्या सुट्टीत सांगण्यासारखं नाही. आता पन्नाशी आली, सांगायला घरात कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते.

आई गेली तेव्हा मी नववीत होते. बाबा मालट्रक चालवायचे, आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. कुडाळजवळच्या आमच्या घरात वयात येणारी मुलगी एकटी ठेवायची कशी, यावर वाडीतल्या सगळ्यांनी आपापलं मत दिलं आणि शेवटी मला डोंबिवलीला कुसुमआत्याकडे धाडण्यात आलं. कुसुमआत्या बाबांची थोरली बहीण. लग्न न झालेली, मानपाडा रोडच्या आत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहणारी. "दहावीपुरतं," बाबा म्हणाले. "पुढचं पुढे बघू." आत्याही म्हणाली, "बघू." त्या घरात मी वर्षभर राहिले ते या दोन 'बघूं'च्या भरवशावर.

आत्या वाईट नव्हती, हे आधीच सांगते. ती बोलत नव्हती एवढंच. सकाळी साडेपाचला नळ यायचा, तेव्हा पिंप भरण्याचा आवाज, मग स्टोव्हचा, मग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा. वारा त्या बाजूने असला की एक आंबूस, डोळ्यांना झोंबणारा वास घरात शिरायचा आणि आत्या काही न बोलता खिडकी लावून घ्यायची. जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची पिठी, बुधवारी सुकट, सोमवारी बटाट्याच्या काचऱ्या. चव अगदी आमच्या घरची. पहिल्याच दिवशी पिठीचा घास घेतल्यावर मला रडू आलं, आणि आत्याने मला बघून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तिखट लागलं असेल असं तिला वाटलं, की तिने तसं दाखवलं, देव जाणे. शाळेत माझं बोलणं ऐकून मुली हसायच्या. मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कोणीतरी "काय गो" म्हणायचं. मग मी तोंड उघडणंच सोडलं. शाळेत गप्प, घरी गप्प. काही दिवस असे जायचे की झोपायच्या आधी मी उगाच 'रामरक्षा' मोठ्याने म्हणायचे, आपला आवाज आहे ना हे बघायला.

आत्याचं पोट भरतकामावर होतं. मॅटीचं कापड तुम्ही पाहिलं असेल, चौकटी-चौकटीच्या विणीचं. प्रत्येक चौकटीत दोऱ्याची एक फुली घालायची आणि अशा हजारो फुल्यांतून पोपट, कमळ, गणपती उठवायचा. आत्या चौकटीला 'घर' म्हणायची. तिच्याकडे लोक यायचे ते मुलींच्या रुखवतासाठी. लग्नात जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर रुखवत मांडतात, नवरीच्या हातची कला म्हणून. सासरकडच्या बायका एकेक वस्तू उचलून बघतात. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत किती नवरीमुलींच्या हातची कला माझ्या बिनलग्नाच्या आत्याने केली होती, याची गणती नाही. ती लग्नाला कधी जात नसे. बोलावणं यायचं, पण ते द्यायचं म्हणून दिलेलं.

कापडाचं पहिलं गणित तिने शिकवलं, आणि वर्षभरात तिच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यांत लांब वाक्य तेच असेल. "मोराला घरं किती हे नक्षी ठरवते, मोर केवढा हे कापड ठरवतं. इंचात अकरा घरांचं कापड घे, नाहीतर चौदाचं. घरं तेवढीच, पण चौदावर मोर लहान होतो." मी मान डोलावली. कळलं काही नव्हतं.

ते कळलं कॉम्प्युटर क्लासमध्ये. स्टेशनच्या वाटेवर एका कपड्यांच्या दुकानाच्या माडीवर तो क्लास होता. बाबांनी मोठ्या हौसेने नाव घातलं होतं, कारण ट्रकमालकाचा मुलगा तेच शिकत होता. चपला बाहेर काढायच्या, आत थंडगार हवा, पाच यंत्रं आणि एक दळवी सर, जेमतेम पंचविशीचे. मला तिथे आवडायचं, कारण तिथे बोलावं लागत नसे.

मार्गशीर्षात पाटणकर काकूंची ऑर्डर आली. काकू ठाण्याच्या, टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या, मुलीचं लग्न मेमध्ये. त्यांना मोरांची जोडी हवी होती. भिंतीवर लावायच्या दोन वेगळ्या लाकडी चौकटी, दोन मोर, एकमेकांकडे तोंड करून. दोन्ही दहा इंच रुंद, पंधरा इंच उंच. चौकटी त्यांनी आधीच करून घेतल्या होत्या. आत्याकडे मोराचा जुना आलेख, म्हणजे घराघरांच्या कागदावर काढलेली नक्षी, होता, पण तो एकाच बाजूला बघणारा. दुसरा मोर ती इतकी वर्षं मनातल्या मनात उलटा करून भरायची. त्या दिवशी मात्र तिने कागद खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "फार पुसट झालाय ग हा."

तो पुसट नव्हता. मला सगळी घरं दिसत होती. पण तेव्हा मला ते खटकलं नाही, मला फक्त संधी दिसली. दहावीनंतर मला रत्नागिरीच्या एका वसतिगृहात घालायचं बाबांच्या मनात होतं. परत नवी माणसं, परत नव्याने हसं. मला इथेच राहायचं होतं. न बोलणाऱ्या का होईना, पण माझ्या रक्ताच्या माणसाजवळ, ओळखीच्या पिठीभाताजवळ. आत्याला माझा उपयोग झाला तर ती मला ठेवून घेईल, असा सरळ हिशेब मी केला. म्हटलं, "मी कॉम्प्युटरवर उलटा करून आणते." आत्या म्हणाली, "आण. रुखवताचं एकदा होऊ दे, मग बोलते मी तुझ्या बाबांशी." मला ते 'हो' वाटलं.

चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये मी एकेक ठिपका भरत गेले. एक घर म्हणजे एक ठिपका. एकशे दहा आडवी, एकशे पासष्ट उभी, म्हणजे अठरा हजार दीडशे घरं. चित्र मोठं करून काम करायचे, त्यामुळे ठिपके चण्याएवढे दिसायचे. तीन आठवड्यांनी सगळं भरून झालं आणि मी चित्र मूळ आकारात आणलं, तर पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीपेक्षा थोडा मोठा मोर. माझा चेहरा पडला.

"सर, एवढासाच झाला."

"एवढासा कुठे? ठिपके मोज की. कमी झाले का?" दळवी सर खुर्ची ओढून बसले. "हा पडदा चौदा इंची. आडवे ठिपके सहाशे चाळीस, उभे चारशे ऐंशी. पायथागोरस येतो ना? कर्ण काढ."

सहाशे चाळीस आणि चारशे ऐंशी. तीन-चार-पाचचाच त्रिकोण होता तो. कर्ण बरोब्बर आठशे. भागिले चौदा, सत्तावन्न.

"आता पट्टीने मोज पडदा," सर म्हणाले. "कंपनीवाले चौदा म्हणतात, पण काच थोडी प्लास्टिकच्या आत असते. आपण दिसतं तेवढंच धरायचं."

माझ्या पिशवीत आत्याची मोजपट्टी होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सव्वातेरा इंच भरले. आठशे भागिले सव्वातेरा, साठ. म्हणजे हा पडदा इंचात साठ घरांचं कापड होता. एकशे दहा घरं इथे दोन इंचही भरत नव्हती, आणि अकराच्या मॅटीवर तीच दहा इंच भरणार होती. आत्याचं ते लांब वाक्य मला त्या क्षणी उमगलं आणि मी एकटीच हसले. सर म्हणाले, "काय झालं ग?" मी म्हटलं, "काही नाही." कोणाला सांगावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं, आणि घरी येऊन आत्याला सांगितलंही. ती भाकरी थापत होती. "तेच तर म्हणत होते," म्हणाली, आणि तिच्या तोंडावर हसू आलं, खरंखुरं. मी आजवर जे काही शिकले, त्यातल्या कशानेही मला तेवढं समाधान दिलेलं नाही.

सरांनी दोन्ही मोर मोठ्या घरांच्या आलेखात छापून दिले, एक सुलटा, एक उलटा. आम्ही कागद खळीने जोडले. पहिला मोर आत्या भरायला बसली, घरात होतं त्या कापडावर. दुसऱ्यासाठी तिने नवीन कापड आणलं, बोटांनी चाचपलं आणि माझ्या हातात दिलं. "हा तू भर. अकराचंच आहे." केवढा मान वाटला मला. रोज शाळेतून आले की आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो, ती एका बाजूला, मी एका. बोलणं नव्हतंच, पण आता ते गप्प बसणं दोघींचं होतं. मध्येच ती म्हणायची, "दहा सुया ओवून ठेव, माझा वेळ वाचतो." मी ओवून ठेवायचे. माझी सुई सारखी चुकायची, घरं बारीक वाटायची. मला वाटायचं, नवशिकी आहे, असंच होणार. दहावीची परीक्षा झाली, उन्हाळा आला, मोर पिसाऱ्यापर्यंत पोचले. आधी माप घेऊन बघावं हे आत्याला सुचलं नाही, कारण ती कधी मापात चुकली नव्हती. मला सुचलं नाही, कारण मी तिच्या शब्दावर होते.

काकू शनिवारी न्यायला येणार होत्या, लग्न बुधवारी. शुक्रवारी दुपारी आत्याने दोन्ही कापडं उलटी घालून इस्त्री केली, सुलटी केली आणि चटईवर शेजारी मांडली. माझा मोर तिच्या मोरापेक्षा चांगला तीन इंच बुटका होता. एकमेकांकडे तोंड केलेले दोघे, एक बाप्या आणि एक त्याचं पोर. आत्याने इस्त्रीची वायर गुंडाळली आणि चहा टाकायला आत गेली.

मी आधी घरं मोजली. एकशे दहा, दोन्हीकडे. मग मोजपट्टी ठेवून टाचणीच्या टोकाने इंचातली घरं मोजली. आत्याच्या कापडावर अकरा. माझ्या कापडावर चौदा. पुन्हा मोजली, दुसऱ्या जागी मोजली. चौदा. चूक आलेखाची नव्हती, माझी नव्हती, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी ओरडून सांगायला उठले. स्वयंपाकघराच्या दारात गेले तर आत्या चहापूड घालत होती. चमचा पातेल्याच्या काठाला लागला, अर्धी पूड ओट्यावर सांडली, आणि तिने ओट्यावरून हात फिरवून, चाचपडत ती गोळा केली. भर दुपार होती, खिडकी उघडी होती. तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. पुसट झालेला कागद, दहा सुया, बोटांनी चाचपलेलं कापड. तिला दिसत नव्हतं. तो मोतीबिंदू नव्हता, आतल्या पडद्याचं दुखणं होतं, हे पुष्कळ पुढे ठाण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. त्या दुपारी मला फक्त एवढं कळलं, की हे बाहेर फुटलं तर तिच्याकडे पुन्हा एकही रुखवत येणार नाही. मी चहा घेतला आणि मोजपट्टी पिशवीत ठेवून दिली.

शनिवारी पाटणकर काकू आल्या. चटईवर बघितलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "हे काय हो कुसुमताई? ही काय जोडी झाली? विहीणबाई टेबलाशी उभ्या राहून नावं ठेवणार. चौकटीत हा मोर लहानाच्या अंगात मोठ्याचा सदरा घातल्यासारखा दिसेल. इतकी वर्षं तुमच्याकडून नेतोय आम्ही, असं कसं झालं?"

आत्या खाली बघत होती. तिचे हात पदराशी चाळा करत होते, आणि मी तिला कधी चाळा करताना पाहिलं नव्हतं.

"माझ्यामुळे झालं, काकू," मी म्हणाले. "मी दुसरा मोर कॉम्प्युटरवर उलटा केला. उलटा करताना तो लहान झाला."

असं काही होत नसतं. आरशात बघून माणूस बुटका होत नाही, तसा चित्र उलटवून ठिपका कमी होत नाही. पण कॉम्प्युटर म्हटलं की त्या काळी लोक काहीही मानायचे. काकू म्हणाल्या, "तरी म्हटलं. कसले हे नाही ते उद्योग पोरींना शिकवतात. तुम्ही तरी कशाला हातात दिलंत हो?" आत्या म्हणाली, "चुकलंच." फक्त एवढंच. काकूंनी दोन्ही मोर पिशवीत घातले, कारण बुधवारपर्यंत दुसरं काही होण्यासारखं नव्हतं, आणि जाताना म्हणाल्या, "धाकटीच्या वेळी तुम्ही स्वतः करा बाई." म्हणजे धाकटीची ऑर्डर राहिली होती. मला आतून बरं वाटलं. आणि वाईटही वाटलं, ते का कोण जाणे. आत्या एका शब्दाने तरी माझी बाजू घेईल असं वाटलं होतं बहुतेक.

रविवारी सकाळी बाबा आले. ट्रक भिवंडीला लावून रिक्षाने आले होते. "काय गो चेडवा, बरा मा?" म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला डिझेलचा वास होता आणि मला त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. जेवणं झाली. बाबांनी विचारलं, "ताई, हिचा काय करूया? वसतिगृहात सांगून ठेवलंय. तू ठेवतेस म्हणालीस तर इथेच कॉलेजात घालू. सगळा तुझ्या शब्दावर आसा."

मी भांडी घासत होते. नळ बंद केला.

"घेऊन जा," आत्या म्हणाली.

बाबांनी कारण विचारलं नाही, तिनेही दिलं नाही. कारण मला माहीत होतं, म्हणजे तसं वाटलं. कामाची वाट लावणारी पोर कोण ठेवून घेईल? खरं सांगितलं असतं तर राहिले असते, असा विचार मनात आला आणि त्याची लाज वाटली; पण तो गेला नाही, पत्र्याच्या पेटीत कपडे भरेपर्यंत डोक्यात घोळत राहिला. बाबा पेटी घेऊन खाली गेले. आत्याने घावण्यांचा डबा फडक्यात बांधून दिला. मी पाया पडले. ती म्हणाली, "कापड चौदाचं होतं."

मी तशीच वाकलेली राहिले.

"कधी कळलं तुला?"

"इस्त्री करताना. दोन्हींवर हात फिरवला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"काकूंसमोर नाही बोलले ते पोटासाठी. भित्री आहे मी, त्याला काय करणार?" ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत होती. "तुझ्या बाबांसमोर नाही बोलले ते वेगळं. बोलले असते तर तो तुला इथेच ठेवून गेला असता, माझ्यासाठी. आज सुया ओवतेस, उद्या कापड मोजशील, मग बाजार, मग हात धरून दवाखाना. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी अशीच तिच्याजवळ राहिले होते. दोन-चार महिने म्हणून. उठले तेव्हा तिशी उलटून गेली होती."

"मला राहायचंय," मी म्हणाले. वर्षभरात एकदाही मी तिला हे सांगितलं नव्हतं.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "म्हणून जा."

तिने दार लावून घेतलं. मी जिन्यात उभी होते. आतून कडी ओढल्याचा आवाज आला, पण ती कोयंड्याला सापडेना. लोखंड लाकडावर आपटत राहिलं, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. खालून बाबांनी हाक मारली. कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत मी थांबले, आणि मग खाली उतरले.